एका मिलिमीटरचं वजन

कुंडलिकेच्या पुलाच्या अलीकडे अष्टमी, पलीकडे रोहे. गावं दोन, नगरपरिषद एक, नदी एक आणि पाऊसही एकच. गणपती जवळ आले की आमच्याकडून जाणाऱ्या मोटरसायकलींचं रूप पालटतं. मागच्या सीटवर दोरीने आवळलेली बॅग, तिच्यावर निळं प्लास्टिक, हँडलला लटकवलेली मखराची पिशवी. गाडीचं तिकीट मिळालेलं नसतं, एसटीत पाय ठेवायला जागा नसते आणि चतुर्थी उद्यावर आलेली असते. मग मुंबईतला चाकरमानी मोटरसायकल बाहेर काढतो आणि चार-पाचशे किलोमीटरच्या वाटेला लागतो, तेही भर भाद्रपदात.

अशाच एका रात्री साडेनऊच्या सुमाराला दोन मुलं आमच्या पडवीपुढे थांबली. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाडी चढवून मांडव्याला उतरली होती आणि अलिबागवरून सुडकोलीच्या रस्त्याने रोह्याकडे आली होती. विशी-बाविशीची, दातावर दात वाजत होते.

"काकी, जरा आडोशाला थांबू?"

"थांबा की. गाडी आत घ्या, पागोळीखाली नको."

"सर ओसरली की निघतो. पहाटेपर्यंत लांज्याला पोचायचंय."

लांजा म्हणजे इथून आणखी सुमारे अडीचशे किलोमीटर. मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. "जाऊ नका, धोका आहे" हे वाक्य वीस वर्षांच्या मुलांवर चालत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. आकडे मात्र चालतात, मांडून दाखवले तर. चहा उकळेपर्यंत मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि पेन्सिल घेतली. त्या पानावरचा हिशोबच इथे लिहिते आहे. तेव्हा घाईत राहिलेल्या गोष्टी नंतर भरल्या आहेत.

सुरुवात एका मिलिमीटरपासून. बातम्यांत "आज ८० मिलिमीटर पाऊस" असं ऐकून कुणालाच काही वाटत नाही, कारण मिलिमीटर म्हणजे पट्टीवरची सगळ्यात लहान रेघ. पण १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी बरोबर १ लिटर भरतं, आणि १ लिटर म्हणजे १ किलो. आमची पडवी दहा फूट बाय दहा फूट आहे, म्हणजे सव्वानऊ चौरस मीटरपेक्षा थोडी जास्त. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तो या एवढ्याशा छपरावर पडला असता तर पावणेनऊ हजार लिटर पाणी, म्हणजे पावणेनऊ टन. पाण्याचा एक मोठा टँकर जवळपास भरला असता, एका पडवीवरून.

आता पडवी सोडून घाटमाथा घेऊ. जुलै २०२१ मध्ये, २२ आणि २३ तारखेच्या दरम्यान, महाबळेश्वरला २४ तासांत ५९४.४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. फक्त एका चौरस किलोमीटरचा हिशोब करा: ५९ कोटी ४४ लाख लिटर. १० हजार लिटरचे टँकर भरले तर ५९,४४० टँकर. एक टँकर ८ मीटर लांब धरून एकामागे एक, मध्ये बोटभरही जागा न सोडता उभे केले, तर रांग ४७५ किलोमीटरची होते. पनवेल ते इंदापूर ८४ किलोमीटर, इंदापूर ते झाराप ३६६, तिथून पत्रादेवीला गोव्याची हद्द आणखी वीस-एकवीस. म्हणजे पनवेलपासून गोव्याच्या हद्दीपर्यंतचा अख्खा मुंबई–गोवा महामार्ग टँकरांनी भरून गेला. आणि हे एका चौरस किलोमीटरचं, एका दिवसाचं पाणी. असे शेकडो चौरस किलोमीटर डोंगर त्या रात्री भिजत होते.

मोठा मुलगा पान हातात घेऊन बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला.

ते पाणी गेलं कुठे? महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री साडेतेराशे मीटर उंचीवरून जवळजवळ समुद्रसपाटीला येते ती महाडला. कोकणातल्या नद्या आखूड आणि उताराच्या. देशावरच्या नदीला पूर यायला एखाद-दोन दिवस लागत असतील, इथे काही तास पुरतात. त्या दोन दिवसांत महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेलं, आणि महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर उतरला. म्हणून आपल्या डोक्यावर पाऊस नाही यावरून पुढचा रस्ता मोकळा आहे असं कोकणात कधीच धरू नये. आपल्या नदीचा पाऊस आपल्याला न दिसणाऱ्या डोंगरावर पडलेला असतो.

हवामान खात्याची शब्दयोजना म्हणूनच नीट समजून घ्यायला हवी. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे "मुसळधार", ११५.६ ते २०४.४ म्हणजे "अति मुसळधार", आणि त्याच्यावर "अत्यंत मुसळधार". ऑरेंज अलर्ट म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता काहीतरी करा. मोटरसायकलवाल्याने करायचं ते एकच: निघू नये, निघाला असेल तर थांबावं. नारिंगी दिवशीही रात्रीचा घाट टाळावा, हे माझं स्वतःचं मत आहे आणि मी ते सोडणार नाही.

मग मुलांच्या अंगावर पडणाऱ्या पावसाकडे वळले. तासाला ५० मिलिमीटरच्या वेगाने पडणारी दणदणीत सर घ्या. अशा सरीत हवेच्या प्रत्येक घनमीटरमध्ये साधारण २ ग्रॅमच्या वर पाणी तरंगत, पडत असतं. नुसतं उभं राहिलं तर डोकं-खांद्यावर तासाला दहा लिटर पडेल. ताशी ६० च्या वेगाने गाडी चालवणारा मात्र समोरून हवा कापत जातो, दर सेकंदाला सुमारे १२ घनमीटर. त्यातलं सगळं पाणी त्याच्या छातीवर, गुडघ्यांवर, हेल्मेटच्या काचेवर. तासाला ८० ते ९० लिटर. आंघोळीच्या चार मोठ्या बादल्या, समोरून फेकलेल्या. टपोरा थेंब खाली येताना ताशी ३२ किलोमीटरने येतो, गाडी ६० ने जाते, दोन्ही मिळून तो काचेवर आपटतो ताशी ६८ ने, आणि वरून नाही, जवळजवळ आडवा. गळ्यापाशी अर्धा इंच उघडा राहिलेला रेनकोट आतून का भिजतो ते यातून कळतं. घोळदार इरल्यासारखे रेनकोट तर गाडीवर घालूच नयेत. वाऱ्याने फडफडून साखळीत किंवा मागच्या चाकात जातात. पँट आणि जाकीट वेगळं, मनगटाला आणि घोट्याला घट्ट बसणारं, वर उठून दिसणारा पिवळा किंवा नारिंगी रंग. एवढं पुरे.

भिजण्याने सर्दी होते एवढंच आपण धरतो, पण त्यामागचा हिशोब मोठा आहे. कपड्यांतलं अर्धा लिटर पाणी वाऱ्याने वाळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता शरीर स्वस्थ बसून सव्वातीन तासांत तयार करतं. तिच्यातली बरीच अंगातून जाते. आधी बोटं बधिर होतात, मग ब्रेक दाबायला उशीर होतो, मग विचारच मंदावतो, आणि मंदावलेल्या माणसाला आपण मंदावलो आहोत हे कळत नाही. त्या मुलांना मी आधी कोरडे कपडे आणि नंतर चहा दिला, ते याच कारणाने. थरथर सुरू झाली की गाडी चालवण्याची वेळ संपली.

आता चाकं. दीडशे सीसीची गाडी आणि चालवणारा मिळून २२० किलोच्या आसपास. टायरमध्ये हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण २ किलो. भागाकार केला की कळतं, दोन्ही टायर मिळून रस्त्याला टेकतात ती जागा ११० चौरस सेंटीमीटर. टपालाचं कार्ड त्याहून थोडं मोठंच असतं. ब्रेक, वळण, तोल, सगळं त्या एका कार्डाएवढ्या रबरावर. रस्त्यावर २ मिलिमीटर पाणी साचलेलं असेल, तर ताशी ६० ला पुढच्या एकट्या टायरला दर सेकंदाला दोन लिटरहून जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. ते सारायला टायरवरच्या खाचा असतात. खाचा झिजल्या की पाण्याला वाट नाही, आणि रबर रस्त्याला टेकायच्या ऐवजी पाण्यावर चढतं. मी धाकट्याला बॅटरी घेऊन मागचा टायर बघायला लावला. मधली पट्टी तळहातासारखी गुळगुळीत होती.

कोरड्या रस्त्यावर ताशी ६० ने जाणारी गाडी, समोरचं दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंतचा एक सेकंद धरून, ३७ मीटरच्या आसपास थांबते. ओल्यावर, पकड अर्ध्याजवळ उतरते असं धरलं, तर ५२ मीटर लागतात. ८० ने जात असेल तर ८५. आणि ४० ने जात असेल तर २७. रात्री, पावसात, समोरून येणाऱ्या ट्रकच्या उजेडात मोटरसायकलच्या खालच्या दिव्याने किती दिसतं? तीस-चाळीस मीटर, तेही काच स्वच्छ असेल तर. मग ६० ने जाणारा माणूस न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी घालतो आहे. समोर खड्डा, पडलेली फांदी, बसलेली गाय, काहीही असलं तरी ते दिसेपर्यंत थांबण्याची वेळ टळलेली असते. ४० ला मात्र दिसतं तेवढ्यात थांबता येतं.

हीच गोष्ट उंचीत मोजून पाहा. ताशी ६० ने आपटणं म्हणजे १४ मीटरवरून पडणं, चार मजल्यांच्या वर. ८० म्हणजे २५ मीटर, आठ मजले. ४० म्हणजे सव्वासहा मीटर, दोन मजले. वेग दुप्पट, उंची चौपट. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरची होती. चारचाकीत पत्रा मध्ये येतो. इथे मध्ये काही नाही.

आणि ६० ऐवजी ४० ने गेल्याने जातं काय? ४० किलोमीटरच्या टप्प्याला ४० मिनिटांऐवजी तास लागतो. वीस मिनिटं. एक चहा आणि एक वडापाव.

"पण काकी, सगळेच तर जातात," धाकटा म्हणाला.

सगळे जात नाहीत. आमच्या रोह्यापासून सुरू होणारी कोकण रेल्वेच तशी जात नाही. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण खुला झाला. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर गाडी आदळली आणि ५१ माणसं गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला, महाडच्या बाजूला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला दरडीनेच अपघात झाला. त्यानंतर डोंगरकापण्या रुंद केल्या गेल्या, जाळ्या बसल्या, आणि पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक हा कोकण रेल्वेचा पक्का रिवाज आहे. वर्षानुवर्षं १० जूनला ते सुरू व्हायचं आणि ऑक्टोबरअखेर संपायचं, अलीकडे त्या मुदतीत थोडा फरक झाला. गाड्या मुद्दाम हळू धावतात. फार जोराचा पाऊस असला तर चालकाने वेग ४० वर आणायचा असतो. रात्रंदिवस गस्तवाले रूळ तपासत चालतात, पुलांवर पाण्याची पातळी सांगणारी यंत्रं आहेत, उघड्या दरीवरच्या पुलांवर वारा मोजणारी आहेत.

शेकडो टनांची गाडी, स्वतःचा रूळ, समोर सिग्नल, पुढे गस्त, आणि तरीही पावसात ४०. टपालाच्या कार्डाएवढ्या रबरावर, रूळ नसलेल्या, खड्डे भरलेल्या रस्त्यावर, एकट्या माणसाने ६० का धरावे? मला या प्रश्नाचं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही. आपल्या लांबच्या प्रवासालाही पावसाळी वेळापत्रक असावं, एवढंच माझं म्हणणं आहे. अडीचशे किलोमीटरला ताशी ३० ची सरासरी धरली तर साडेआठ तास होतात. साडेनऊला निघून पोचायला सकाळचे सहा, त्यातला सगळा कशेडी आणि परशुराम घाट अंधारात. पहाटे साडेसहाला निघून पोचायला दुपारचे तीन, सगळं उजेडात. पंधरा-सोळा तासांची वाट असेल, तर तिचे सरळ दोन दिवस करावेत.

अंधारातल्या पाण्याबद्दल बोलताना रायगडच्या माणसाला २ ऑगस्ट २०१६ ची रात्र आठवल्याशिवाय राहत नाही. महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ साली बांधलेला दगडी पूल पुरात वाहून गेला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या दोन एसटी आणि त्यांच्यासोबत आणखी वाहनं नदीत गेली. त्या चालकांना कळण्याचा काही मार्गच नव्हता. रस्ता समोर होता आणि मग नव्हता. कुठल्याही मोटरसायकलवाल्याच्या दिव्यातही ते भगदाड वेळेत दिसलं नसतं.

आमच्या कुंडलिकेची पातळी डोलवहाल बंधाऱ्यावर मोजतात. २३ मीटर ही इशारा पातळी, २३.९५ ही धोका पातळी. दोघींत अंतर ९५ सेंटीमीटर, मोटरसायकलच्या हँडलएवढं. महाडला सावित्रीची इशारा पातळी ६ मीटर आणि धोक्याची साडेसहा. मधलं अंतर अर्धा मीटर, चाकाच्या उंचीपेक्षाही कमी. इशारा ऐकून "बघू थोडा वेळ" म्हणणाऱ्याच्या हातात एवढीच जागा असते. त्यात खाली उधाणाची भरती असली तर पुराचं पाणी समुद्र घेत नाही, ते गावात तुंबतं. भरतीनंतर ओहोटी यायला सहा तासांच्या वर लागतात. जुनी माणसं पूर बघायला आली की आधी तिथी विचारायची, ती यासाठी. आमच्या शेजारच्या अंबा नदीच्या पुराने २४ जुलै १९८९ ला जांभूळपाडा गावात जे केलं, ते पाहिलेली माणसं अजून रात्रीचा मोठा पाऊस जागून काढतात.

ओढ्यावरच्या फरशीवरून वाहणारं पाणी गुडघ्याच्या खालीच दिसतं आणि गाडी घालायचा मोह होतो. पण पाणी हवेच्या आठशेपटीहून जड. दोन मीटर प्रतिसेकंद, म्हणजे धावत्या माणसाच्या चालीने येणारं एक फूट पाणी आडव्या गाडीवर पन्नास किलोंच्या वर रेटा देतं, आणि त्याच वेळी गाडीला थोडं उचलूनही धरतं, म्हणजे कार्डाएवढ्या रबराची पकडही जाते. अमेरिकेच्या हवामान खात्याचा हिशोब आहे की सहा इंच वेगवान पाणी धडधाकट माणसाला पाडू शकतं आणि एक फूट पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकतं. पाण्याखाली फरशी शाबूत आहे की नाही, हे तर कुणीच सांगू शकत नाही. मोरीवरून पाणी वाहत असेल तर मागे फिरायचं. गाव जवळ असतं, देऊळ असतं, शाळेचा व्हरांडा असतो. कोकणात आडोसा मागितला आणि मिळाला नाही, असं मी ऐकलेलं नाही.

वाऱ्याचंही गणित वेगासारखंच, दुपटीला चौपट. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. पावसाळी झंझावातात ६० चा आडवा वारा लागला, तर गाडी आणि माणूस मिळून कडेने वीस किलोंचा धक्का बसतो. तो अंग कलवून सावरता येतो. १२० ला तोच धक्का ऐंशी किलोंचा. पूर्ण वाढीचा माणूस बाजूने अंगावर फेकल्यासारखा. खाडीवरचा पूल, किंवा डोंगराची आड संपून दरी उघडते ती जागा, इथे तो अचानक येतो. चक्रीवादळाची एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे: ते दोन-तीन दिवस आधी सांगून येतं. निसर्गच्या वेळी सगळं बंद होतं आणि रस्ते रिकामे होते. ती झाडं आणि विजेचे खांब भर वर्दळीत पडले असते तर काय झालं असतं, हा विचार मी फार लांबवत नाही.

वीज आपल्याकडे भर पावसाळ्यात कमी. ती वळवाच्या आणि परतीच्या पावसाची. तीस हजार अँपिअरच्या घरातला प्रवाह, आणि वाटेतली हवा सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट तापते. "टायर रबराचे आहेत, काही होत नाही" हा समज घातक आहे. किलोमीटरभर हवा फोडून आलेल्या विजेला दोन इंच रबर काय अडवणार? चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत ऐकू आलं तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. गाडी सोडून पक्क्या घरात शिरा, झाडाखाली नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं "दामिनी" हे ॲप जवळच्या विजेची सूचना देतं. मोबाईलमध्ये ठेवावं.

उन्हाचं एकच सांगते, कारण ते आमच्या दारातलं आहे. इथून जवळच्या भिऱ्याला २८ मार्च २०१७ ला ४६.५ अंश तापमानाची नोंद झाली, आणि आकडा इतका अनपेक्षित होता की यंत्र तपासायची वेळ आली. मुळशीचं पाणी नळातून उतरून जिथे वीज बनते, ते हे भिरा. अशा दिवसांत वाऱ्यावर गार वाटेल म्हणून जाकीट काढणारे मी पाहते. हवा कातडीपेक्षा तापली की वारा अंग गार करत नाही, तापवतो. घाम तासाला लिटरभर जाऊ शकतो, आणि वाऱ्यात वाळल्याने तो गेलेला कळतही नाही. दुपारी बारा ते चार सावली, दर तासाला पाणी.

दरडीबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी झोपेत गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत. आपला काळा कातळ दर घनमीटरला जवळपास तीन टनांचा. घरातल्या कपाटाएवढा धोंडा म्हणजे वीस मोटरसायकली. मुठीएवढा दगड पन्नास मीटरवरून सुटला, तर खाली पोचताना त्याचा वेग ताशी ११० च्या वर असतो. हेल्मेट एवढ्यासाठी बनवलेलं नाही. आणि मुलं नेमकी कुठे थांबतात? घाटात, कड्याखाली, धबधब्याच्या तोंडाशी, फोटोसाठी. घाटात थांबायचं नाही. कड्यावरून येणारं पाणी एकाएकी गढूळ झालं, बारीक खडे रस्त्यावर टपटपू लागले, झाड वाकडं उभं दिसलं, की थांबून बघत राहू नये, मागे फिरावं. अंगावर कागद असेल तर त्यावर ११२ आणि १०८ हे दोन नंबर आणि घरच्यांचा एक, पाण्यात न पुसणाऱ्या शाईने.

पान दोन्ही बाजूंनी भरलं तेव्हा साडेअकरा झाले होते आणि पाऊस तसाच होता. मोठ्याने घरी फोन लावला. पलीकडून आई काहीतरी बोलत होती, तो "हो गं, हो गं" करत होता. पडवीत चटई घातली, दोघं झोपले.

सकाळी सहाला पुलावर जाऊन आले. कुंडलिका लाल होती, पण काठाच्या आत. कोलाडकडे जाणारी पहिली एसटी निघून गेली होती, म्हणजे रस्ता चालू होता. मी त्यांना आधी टायर बदलायला लावला. दुकान उघडेपर्यंत थांबावं लागलं, म्हणून साडेसहाचे पावणेदहा झाले. कॅलेंडरचं पान धाकट्याने घडी करून टाकीवरच्या प्लास्टिकखाली सरकवलं, आकड्यांची बाजू वर ठेवून.

संध्याकाळी सव्वासातला फोन आला.

"काकी, आत्ता पोचलो. हातखंब्याला तासभर थांबलो होतो, लई पाऊस होता."